नदीच्या नावावरचं गाणं

मी एक जुनी गिटार आहे, आणि पहिल्यांदाच सांगून टाकते, अंगावर दिसतो तो शिसवीचा नुसता रंग आहे. आतून मी साध्या, स्वस्त लाकडाची. शिकागोच्या एका मोठ्या कारखान्यात माझ्यासारख्या ढिगाने निघत. कुणी माझ्याकडे बघून "शिसवी दिसतेय" म्हणालं, तर मी गप्प बसते. आपणहून कशाला सांगा?

मित्रांनो, मला एकच तोंड आहे, तेही पोटावर आणि कायम उघडं. घरात जे बोललं जातं ते सगळं त्यातून आत येतं. बाहेर मात्र कुणी तार छेडेल तेवढंच जातं. त्यात मला मेलीला चौकशा फार! कोण आलं, कोण गेलं, कोण का रडलं, सगळं मला कळायला हवं. विचारता येत नाही, म्हणून ऐकत बसते. माझी जन्मकथा म्हणजे अशी ऐकीव आहे.

टपालाच्या गाडीतून मी मिसिसिपीच्या उत्तरेकडच्या टेकड्यांत आले. होसिया नावाच्या तरण्याबांड गड्याने मला मागवलं होतं. कापसाच्या मळ्यात अर्धेलीने राबणारं ते कुटुंब. होसियाची बोटं कुदळीला सरावलेली, तारांवर ती नुसती आपटायची. चार दिवसांत तो वैतागला आणि मला धाकट्या बहिणीच्या मांडीवर टाकून म्हणाला, "घे बाई, हिला तूच सांभाळ. माझ्या हातात ही नुसती कण्हते."

ही बहीण म्हणजे आर्डेलिया. तिने बाटलीची मान फोडून, घासून करंगळीत घातली, माझ्या तारांवरून अलगद फिरवली, आणि काय सांगू, मलाच माझा आवाज नवा वाटला! तिने माझ्या पोटात खुळखुळ्या सापाच्या शेपटीचा खुळखुळाही टाकला. आमच्याकडे टाकतातच. त्याने उंदीर लांब राहतात, ओल धरत नाही आणि आवाज गोड होतो म्हणे. ओलीचं मला माहीत नाही, पण उंदीर खरोखरच कधी फिरकला नाही.

आर्डेलियाची जिवाभावाची मैत्रीण लूला. मळेमालकाच्या घरी स्वयंपाकाला होती. होसियाशी तिचं ठरलं होतं. लूलाचा चेहरा असा, की मनात आलेलं ओठाआधी गालावर दिसायचं. आर्डेलिया तिला चिडवायची, "तुला पत्ते खेळायला घेण्यात अर्थ नाही बघ. हातात राणी आली की तूच राणीसारखी बसतेस."

एका उन्हाळ्यात मुकादमाने होसियावर चाबूक उगारला, आणि होसियाने त्याचा हात वरच्या वर धरला. एवढंच. मारलं नाही, शिवी दिली नाही, नुसता धरला. पण काळ्या माणसाने गोऱ्या मुकादमाचा हात धरायचा, म्हणजे त्या काळी आमच्या भागात मरणच होतं. घरात कुणी मोठ्याने बोलेना. मी खिळ्यावर टांगलेली, कान पोटात घेऊन ऐकत होते.

दोन दिवसांवर ऑगस्टची जत्रा होती. वेळूचा पावा, मोठाले ढोल, खड्ड्यावर भाजलेलं बकरं, मक्याचा पाव, झाडाखाली धुळीत नाचणारी माणसं. मुकादमाची माणसंही त्या दिवशी दारू प्यायला तिथेच. भर दुपारी ढोल जोरात वाजत होते, तेव्हा होसिया चुलत्याच्या गाडीत मक्याच्या पोत्यांमागे आडवा झाला आणि उत्तरेला निघून गेला. जाण्याआधी त्याने आपली टोपी आणि मासे धरायची काठी बहिणीच्या हातात दिली. ती तिने नदीकाठी नेऊन ठेवली. हे घरात आईला आणि आर्डेलियाला ठाऊक होतं. आणि मला.

"लूलाला सांगू?" आर्डेलियाने आईला विचारलं.

"वेडी का काय? मालकिणीच्या घरात ती दिवसभर असते. तिच्या तोंडावरून मालकीण सगळं वाचेल," आई म्हणाली.

तर लूलाला सांगितलं नाही. टोपी सापडली. नदीत गळ टाकून शोध झाला. मुकादमाला पहिल्यांदा पटेना. तो आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. पण तिथे लूला मातीत बसून असा टाहो फोडत होती, की तो माणूस टोपी काढून परत गेला. असं रडणं कुणाला खोटं काढता येत नाही. आणि ते खोटं नव्हतंच.

तरी कुजबुज राहिली. म्हणून आर्डेलियाने मला मांडीवर घेतलं, मागच्या पायरीवर बसली आणि एका दुपारात गाणं केलं:

"नदीबाई नदी, कुठं ठेवलास माझा भाऊ?
नदीबाई नदी, कुठं ठेवलास माझा भाऊ?
टोपी तेवढी दिलीस परत, टोपीला का घालू खाऊ?"

पुढच्याच शनिवारी तिने ते दहा लोकांत म्हटलं. कुणी विचारलं, "हे कुठलं गं?" तर म्हणाली, "मला काय ठाऊक? वरच्या गावाकडून आलंय." बहिणीने केलं म्हटलं असतं तर लोकांनी चार प्रश्न विचारले असते. आपोआप आलेल्या गाण्याला कोण प्रश्न विचारतो? महिन्याभरात ते सगळ्यांच्या तोंडी झालं, कापूस वेचताना बायका म्हणू लागल्या, आणि होसिया पक्का बुडाला. गाण्याने त्याला वाचवलं ते असं.

आता माझे मानाचे दिवस आले. शनिवारी आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. आर्डेलियासारखं वाजवणारी बाई त्या टेकड्यांत दुसरी नव्हती, हे मी माझ्या तोंडाने सांगते, कारण माझ्या पाठीवर तिच्या अंगठ्याची खूण अजून आहे. पण दर वेळी काय व्हायचं? लूला यायची, कोपऱ्यात बसायची आणि शेवटी म्हणायची, "आर्डेलिया, ते होसियाचं म्हण ना." आर्डेलिया म्हणायची. लूला रडायची. वर्षं गेली, लूलाने लग्न केलं नाही. चांगली चांगली माणसं आली, तिने सगळ्यांना वाटेला लावलं. "मी दिलेल्या शब्दाची आहे," म्हणायची.

आणि एक दिवस आर्डेलियाने बाप्तिस्मा घेतला. देवळात नाव घातलं की ब्लूज, म्हणजे आमची ही दुःखाची गाणी, सोडायची, गिटार सोडायची, ही आमच्याकडची रीतच. ते सैतानाचं वाद्य म्हणे! मी? सैतानाचं? मला फार लागलं ते. तिने माझ्या तारा सैल केल्या आणि मला भिंतीवर टांगून टाकलं. लोक म्हणाले, बाईला देव भेटला. मी कितीतरी दिवस तसंच समजत होते.

माझ्या खाली कालांतराने टेलिफोन आला, हे माझं नशीब. धूळ खात का होईना, बातम्या कळत राहिल्या. वर्षातून एकदा एक फोन यायचा. फोन कुणा 'विल्बर'चा, असं घरात सांगितलं जायचं. आर्डेलिया दार लावून घ्यायची आणि हळूच म्हणायची, "बोल रे होसिया." तो शिकागोत होता, पोलादाच्या कारखान्यात. त्याने तिकडे लग्न केलं, मुली झाल्या. "लूलाला कसं सांगू रे आता?" ती विचारायची. तिकडून काय उत्तर यायचं ते मला ऐकू येत नसे. पण ती फोन ठेवून किती तरी वेळ तिथेच उभी राहायची.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईला देव भेटला असेल, नाही म्हणत नाही. पण मला भिंतीवर टांगलं की ते गाणं म्हणावं लागणार नव्हतं, आणि लूलाचं रडणं बघावं लागणार नव्हतं.

शेवटी एकदा शिकागोहून दुसऱ्याच कुणाचा फोन आला. होसिया गेला होता. आर्डेलिया जमिनीवर बसली. दुसऱ्या दिवशी रविवार. देवळातून लूला नेहमीसारखी जेवायला आली. दोघी किती तरी वर्षं एकाच बाकावर बसत, रविवारी एकत्रच जेवत.

"डोळे का गं सुजलेत?" लूलाने विचारलं.

"कांदा चिरला," आर्डेलिया म्हणाली.

यानंतर काही वर्षांनी माझे दिवस पालटले. आर्डेलियाच्या सगळ्यात धाकट्या बहिणीचा मुलगा थॅडियस, थॅड म्हणतात त्याला, चाळिशी ओलांडलेला, गावोगाव, देशोदेशी फिरून जुनी लोकगीतं आणि ब्लूज वाजवणारा. भारी गिटारी होत्या त्याच्याकडे. पण एक दिवस त्याने मला भिंतीवरून काढलं, फुंकर मारली आणि म्हणाला, "मावशी, अल्बम करतोय. आपल्या मुलखातली सगळी जुनी गाणी. आणि तो या घरातच करायचा, हिच्यावरच."

"मी देवळातली बाई आहे," मावशी म्हणाली. "मी तिला हात लावायची नाही. तू काय करायचं ते कर. मी स्वयंपाकघरात आहे."

मेंफिसहून नोरीन नावाची बाई यंत्रं घेऊन आली. फ्रिज बंद केला, घड्याळ थांबवलं, कुत्रं शेजारी धाडलं. मला नव्या तारा चढल्या. किती वर्षांनी अंगात ताण आला, विचारू नका! पहिल्याच सुराला नोरीन दचकली. "हिच्या आत काहीतरी सुटलंय. खुळखुळ वाजतंय."

"सुटलेलं नाही, घातलेलं आहे," थॅड हसला. "साप आहे."

नोरीन खुर्ची मागे सरकवून बसली ती संध्याकाळपर्यंत तिथेच.

बाई मात्र माझ्यासारखीच चौकस. प्रत्येक गाणं झालं की विचारायची, "हे कुणी केलं?" अल्बमवर प्रत्येक गाण्याखाली कर्त्याचं नाव छापायचं होतं. "नाव सापडलं नाही तर 'पारंपरिक' लिहावं लागतं," ती म्हणाली, "आणि मला तो शब्द आवडत नाही. त्याच्या मागे बहुतेक वेळा एखादी बाई असते." वा! मला ती तेव्हाच आवडली.

मग थॅडने नदीचं गाणं वाजवलं. माझ्या अंगावर काटा आला. काटा यायला कातडी लागते म्हणाल, तर असो, तारा तरी शहारल्या. स्वयंपाकघरातला चमचा थांबला.

"हे कुणाचं?" नोरीनने आत वाकून विचारलं. "मिस आर्डेलिया, तुम्हाला ठाऊक असेल."

"कुणाचं नाही ते," आतून आवाज आला. "नदीचं आहे. लिहा नदीचं."

नोरीनला ते उत्तर फारच आवडलं आणि तिने 'पारंपरिक' लिहून टाकलं. मी इकडे तडफडतेय! अगं बये, हिचंच आहे ते, मला मांडीवर घेऊन केलंय तिने! पण माझं तोंड ते असं. आणि सांगणार तरी काय? मुकादम मेला, मालक मेला, मळा विकला गेला, भ्यायचं कुणाला उरलं नव्हतं. एक लूला तेवढी होती. गाण्यावर आपलं नाव घालायचं, तर होसिया बुडाला नाही हे लूलाला सांगावं लागणार. आर्डेलियाला तिचं एकुलतं एक गाणं हवं होतं की एकुलती एक मैत्रीण, असा तो पेच होता.

तो पेच थॅडने नकळत आवळला. त्या शहाण्याला वाटलं, गाण्याआधी होसियाची हकिकत यावी, आणि ती लूलाच्याच तोंडून. मावशीला न विचारता तो तिला घेऊनच आला. लूला रविवारची जांभळी टोपी घालून आली होती, खडीसाखर चघळत, घसा साफ करत.

"इथे बोलायचं का?" तिने माइककडे बोट दाखवलं. "चावत तर नाही ना?"

"नाही, मिस लूला. तुम्हाला आठवतं तसं सांगा. आमच्यामागेही हे राहणार आहे," थॅड म्हणाला.

नोरीनने यंत्र सुरू केलं. लूला ताठ बसली. "ऑगस्टचा महिना होता. होसिया मला म्हणाला, जत्रेला पुढे हो, मी तुझ्यासाठी मासे घेऊन येतो..."

आर्डेलिया दारात आली. कोपरापर्यंत पीठ. "बंद कर ते."

"मावशी, अगं, मध्ये बोलू नकोस, सगळं पहिल्यापासून..."

"बंद कर म्हणते ना, मेल्या!"

नोरीनने बटण दाबलं. आर्डेलिया येऊन लूलाच्या समोर माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. तिचा श्वास माझ्या पोटात ऐकू येत होता.

"लूला, तो मासे धरायला गेलाच नव्हता."

"म्हणजे?"

"मक्याच्या गाडीतून गेला. शिकागोला. टोपी मी ठेवली काठावर. गाणं मी केलं. तो बुडाला नाही गं. तो म्हातारा होऊन मेला, अंथरुणात."

लूलाने टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत डोक्यावर घातली. मला वाटलं आता ही ओरडणार. तिने विचारलं, "कधी गेला?"

"झाली काही वर्षं."

"तो कांदा," लूला म्हणाली. "कांदा चिरलास म्हणालीस त्या रविवारी. ताटात कुठेच कांदा नव्हता. मी घरी जाऊन विचार करत बसले होते." मग, "लग्न केलं?"

"केलं. तीन मुली."

"एकीचं तरी नाव लूला ठेवलं का?"

"नाही गं."

"मेला!" लूला म्हणाली. "टक्कल पडलं होतं?"

"पार. वर एक केस नव्हता. मी बघून आले ना एकदा. डोळ्याच्या ऑपरेशनला जाते म्हणाले होते तुला."

लूलाच्या तोंडून हसू फुटलं, आणि ते मध्येच मोडलं. "मला का नाही सांगितलंस? मी काय त्याला धरून दिलं असतं?"

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. मालकिणीने ओळखलं असतं. तू अंगणात रडलीस ना, ते बघून मुकादम परत गेला. माझ्या रडण्याने गेला नव्हता तो. तुझ्या रडण्याने गेला. आणि मग होसियाने तिकडे घर मांडलं. ते कुठल्या तोंडाने सांगू तुला? दर वर्षी वाटायचं सांगावं, आणि दर वर्षी ते जास्तच अवघड व्हायचं."

"म्हणजे माझं रडणं वापरलंत तुम्ही."

"हो," आर्डेलिया म्हणाली. "वापरलं."

थॅड बिचारा घामाघूम झाला होता. "मिस लूला, मला माफ करा. आपण हे गाणं अल्बममधून काढून टाकू या."

"काही काढायचं नाही!" लूला उठून उभी राहिली. बुटकीशी बाई, पण खोली भरली तिने. "काय गं तू, लिहिणारी, काय लिहिलंयस त्या गाण्याखाली?"

"पारंपरिक," नोरीन चाचरत म्हणाली.

"खोड ते. नदीने मला रडवलं असं मी जन्मभर समजत होते. नदीकडे बघून शिव्या दिल्यात मी. हिचं नाव घाला, मोठ्या अक्षरात. मला कुणी रडवलं ते लोकांना कळू दे."

आणि ती निघून गेली. पुढच्या रविवारी ती देवळात पलीकडच्या बाकावर बसली. त्याच्या पुढच्याही. आर्डेलिया दोन ताटं वाढायची आणि एक तसंच उचलून ठेवायची. घरात एवढी शांतता मी खिळ्यावरच्या वर्षांतही ऐकली नव्हती. थॅडने सांगितलं, हवं तर नाव नको घालायला. आर्डेलिया म्हणाली, "ती म्हणालीय ना घाला? मग घाला."

हिवाळ्यात अल्बम आला. गाण्याखाली छापलं होतं: आर्डेलिया. तिने ते बोटाने चाचपून बघितलं. देवळात थोडी कुजबुज झाली, पाद्रीबुवा मात्र हसून म्हणाले, देवाला सूर ओळखता येतो. वर्तमानपत्रात थॅडच्या बोटांची स्तुती आली. माझीही आली, 'अनमोल शिसवी गिटार' अशी. मी गप्प बसले.

मग एका सकाळी दाराशी जांभळी टोपी दिसली. लूलाने अल्बम काखेत धरला होता.

"माझ्याकडे हे वाजवायचं यंत्र नाही," ती आर्डेलियाकडे न बघता म्हणाली. "लाव."

आर्डेलियाने लावलं. दोघी दोन खुर्च्यांवर, तोंडं दोन दिशांना. नदीचं गाणं सुरू झालं. टोपीला खाऊ घालायची ओळ आली आणि लूलाचे खांदे हलायला लागले. आर्डेलिया घाबरून उठली. "बंद करते गं, बंद करते."

"बस खाली," लूला डोळे पुसत म्हणाली. "सगळं खोटं आहे हे ठाऊक असून रडू येतंय मला. मेले, केलंयस मात्र फार चांगलं."

मित्रांनो, आर्डेलियाला आपल्या गाण्याची शाबासकी मिळाली ती त्या दिवशी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. कारण तोवर ते तिचं आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. मला पुसा, तारा बदला, ओलीत ठेवू नका, हे तर आहेच. पण तुमच्या घरात कुणी गुणगुणलं, दळताना, भाकरी थापताना, पोराला निजवताना, तर विचारा, हे कुणी केलं? "असंच चालत आलंय" म्हणाले तर उठून जाऊ नका, पुन्हा विचारा. ती अजून आत स्वयंपाकघरात असेल, तोवरच विचारा.